आवाजांचं बेट

ही गोष्ट माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलेली नाही. नागपूरच्या भावाला सांगितली नाही, ऑफिसात शेजारच्या टेबलावर सगळी नोकरी काढलेल्या मैत्रिणीला नाही, आणि देवापुढे हात जोडले तेव्हाही बाकीचं सगळं बोलले, एवढंच गाळलं. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे. ओळखत असता तर आत्ताही मी चहाचं विचारून विषय बदलला असता. त्यात मी पटाईत आहे.

कुठून सुरुवात करू? माझ्यापासूनच करावी लागेल — टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

वडील झाशीला रेल्वेत, इंजिनांच्या शेडमध्ये होते. नोकरीत असतानाच ते गेले आणि अनुकंपेवर मला टायपिस्टची जागा मिळाली. आई त्यानंतर चार वर्षं होती. मग झाशीतल्याच नगरा वस्तीतल्या दोन खोल्यांत मी एकटीच उरले. लग्नाचं म्हणाल तर जमलं नाही. इथं मराठी घरं मोजकी आणि माझ्यासाठी खटपट करायला कुणी नव्हतं. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की सोमवार सकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे. दूधवाल्या भैयाला मी मुद्दाम दोन प्रश्न जास्त विचारायची — आपला गळा चालू आहे ना, तेवढं बघायला. हसू नका. किंवा हसा, मलाही आता हसू येतं.

अशात मला तो फळा मिळाला. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात, पेपर वाचायच्या लांब टेबलामागे, एक हिरवा फळा नुसता पडून होता. सेक्रेटरींना विचारून मी त्यावर दर गुरुवारी कागद टाचू लागले. वर मोठ्या अक्षरात लिहायचं ‘अजब दुनिया’, आणि खाली देशोदेशींच्या गमती, सोप्या हिंदीत.

माल कुठून आणायचे? खजुराहोला जाणारे गोरे प्रवासी झाशीलाच गाडीतून उतरतात. बायकांच्या वेटिंग रूममध्ये मडमा बसची वाट पाहत बसायच्या आणि वाचून झालेली रंगीत मासिकं बाकावर टाकून जायच्या. तिथली आया रामकली ती माझ्यासाठी उचलून ठेवायची. “जे लेओ दीदी, तुमाई किताबें,” म्हणायची, आणि चित्रांतल्या बायकांच्या कपड्यांवर नाक मुरडायची. त्यात काय काय असे! जपानात हॉटेलच्या काचेमागे मेणाची जेवणं मांडून ठेवतात, अगदी वाफाळल्यासारखी. इंग्लंडात चीजचा गोळा टेकडीवरून सोडून देतात आणि धडधाकट माणसं त्याच्यामागे गडगडत जातात. चीज आमच्या लोकांना कळेना, म्हणून मी ‘पनीर का पहिया’ लिहिलं. कुण्या गायकाचा वापरलेला कंगवा लिलावात गेला, कुठं गिटारीच्या आकाराचं घर बांधलं, कुठं नवरे बायकांना खांद्यावर टाकून शर्यत पळतात. शेवटची बातमी वाचून शंटिंगवाले आठवडाभर एकमेकांना चिडवत होते.

गुरुवारी संध्याकाळी फळ्यापुढे गर्दी होई. मला लोक ‘अजबवाली दीदी’ म्हणू लागले. बाजारात कुणीतरी थांबवून विचारी, “दीदी, इस बार क्या है?” तुम्हाला वाटेल, एवढ्याशानं काय होतं? पण ज्याला कुणी थांबवतच नाही त्याला विचारा.

मग रामकली निवृत्त होऊन गावी गेली. नवी आया मासिकं सरळ रद्दीत घाले. तीन गुरुवार मी जुनंच उगाळलं. चौथ्या गुरुवारी लोक आले, बघून निघून गेले. त्या रविवारी मी घरी बसले आणि पहिली बातमी मनानं रचली — ब्राझीलमधल्या एका न्हाव्याची. तो म्हणे गाणं लावून केस कापतो, आणि गाणं संपलं की कात्री खाली, मग केस अर्धे राहोत. हसून हसून पुरेवाट झाली लोकांची. खऱ्या बातम्यांना एवढं कधी हसले नव्हते. मला भीती वाटायला हवी होती ना? मला अभिमान वाटला.

पण मला सांगायचंय ते न्हाव्याबद्दल नाही. मी पुन्हा वळसा घालतेय.

नानांबद्दल सांगायचंय. नाना टिकेकर, रिटायर्ड गार्ड. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या सुभेदारांबरोबर इकडे आलेले, घर लक्ष्मी गेटजवळ. वाचनालयात माझ्याशी मराठी बोलणारे ते एकटेच. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, अध्येमध्ये हिंदी मिसळलेलं, आणि मला ते बेटा म्हणायचे. त्यांच्या पत्नी, माई, दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. माईंचा फोटो होता, पण नाना फोटोविषयी कधी बोलत नसत. बोलत ते एका कॅसेटविषयी. जावयानं आखातातून टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा एका दुपारी माई मटार सोलत बसल्या होत्या आणि मशीन चालू आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अर्धा तास माई बोलत होत्या — डब्याचं झाकण, सुनंदाचा खोकला, नानांचं न ऐकणं. सुनंदा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन भोपाळला गेलेली. एवढंच काय ते माईंचं उरलं होतं. मशीन जावई परत घेऊन गेला होता, आणि शेजाऱ्याच्या मशीननं एकदा ती टेप गिळली, तेव्हापासून आवाज मध्येच जाड व्हायचा. नाना मग ती लावेनात. झिजेल म्हणून ऐकायची नाही, आणि ऐकायची नाही तर ठेवून करायचं काय — ह्या पेचात ते होते. हे त्यांनी मला तीन-चारदा सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं, हे ध्यानात ठेवा.

त्यानंतरच्या एका रविवारी मला माझ्या आईचा आवाज आठवेना. चेहरा आला, हात आले, आवाज येईना. मी दिवसभर प्रयत्न केला. संध्याकाळी कागद घेतला आणि एक बेट रचलं. उत्तरेकडच्या थंड समुद्रात, नॉर्वेच्या बाजूला. तिथं म्हणे साध्या माणसांच्या आवाजांचं संग्रहालय आहे. राजांचे नाहीत, गायकांचे नाहीत — धोबिणीचा, दिवा राखणाऱ्याचा, शाळेच्या शिपायाचा. जगातून कुणीही पाठवावा. जुन्या टेपा ते दुरुस्त करतात, खणात ठेवतात, आणि वर्षातून एकदा, त्या माणसाच्या तिथीला, कुणीतरी खुर्ची ओढून तो आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतं. लिहिताना मला रडू आलं. माझ्या लिहिण्यातलं सगळ्यात चांगलं तेच होतं.

नानांसाठी लिहिलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण टेपा दुरुस्त करतात हे वाक्य मला कुठून सुचलं?

गुरुवारी नानांनी तो कागद कुणाकडून तरी वाचून घेतला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यांना मोठी अक्षरंही फिकट दिसत. मग सेक्रेटरींसमोर, दहा-बारा लोकांसमोर त्यांनी मला विचारलं, “बेटा, पत्ता आहे का ह्यांचा?”

तेव्हा ‘नाही’ म्हणता आलं असतं. ‘मासिकात दिला नव्हता’ — इतकं सोपं. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला ते बघणं हवं होतं. मी म्हटलं, आहे, घरी आहे, पुढच्या गुरुवारी आणते. आणि आठवडाभर बसून मी पत्ता तयार केला. रस्त्याचं नाव, घराचा आकडा, गावाचा आकडा. हौसेनं केला.

मला वाटलं, ते पत्र टाकतील. पत्राचं काय, जाईल वाऱ्यावर. पण पत्ता दिल्यानंतरच्या गुरुवारी नाना पार्सल घेऊन आले. त्यांच्या जुन्या पांढऱ्या युनिफॉर्मच्या कापडात शेजारणीकडून शिवून घेतलेलं, तळहाताएवढं. तीस वर्षं ब्रेकव्हॅनमधून लोकांची पार्सलं ठिकाणावर पोचवलेला माणूस. म्हणाले, “माझ्याच्यानं आता बारीक लिहवत नाही. तूच लिही. तुझ्या हातचं पोचेल.”

मधल्या आठवड्यात, ते शिवायच्या आधी, त्यांनी विचारलं होतं, शेवटचं एकदा ऐकतेस का, शेजारी मशीन आहे. मी म्हटलं, ऑफिस आहे नाना. ऑफिस नव्हतं, सुट्टी होती. ऐकलं असतं तर मला पत्ता लिहवला नसता, म्हणून नाही ऐकलं. बाजारात कॅसेटवरून कॅसेट भरून देणारी दुकानं होती — आधी एक प्रत काढून घ्या, एवढंही मला सुचलं नाही का? सुचलं. पण मग ते म्हणाले असते, का, तिथं भरवसा नाही?

मी कापडावर पत्ता लिहिला. परदेशी पार्सलात काय आहे ते सांगणाऱ्या पोस्टातल्या हिरव्या कागदावर लिहिलं — वापरलेली कॅसेट, एक.

आणि आता ते सांगते, जे सांगायला बसले होते.

पार्सलाच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायचा असतो. जिथं जायचं ते ठिकाणच नसलं, तर पार्सल फिरून पाठवणाऱ्याकडे येतं. ऑफिसात मी टपाल हाताळायचे, मला हे नीट माहीत होतं. माईंचा आवाज महिना-दोन महिन्यांनी लक्ष्मी गेटला सुखरूप परत आला असता. नानांना वाईट वाटलं असतं, मी खोटी ठरले असते, फळा गेला असता. बस. एवढंच होणार होतं.

नाना समोर खुर्चीवर बसून होते. दिसत त्यांना नव्हतं. मी कोपऱ्यात त्यांचं नाव लिहिलं नाही. दुसरंच एक नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, चिरगाँव. तिथं मी कधी गेलेलीसुद्धा नाही. मग वाचून दाखवलं — त्यांचंच नाव, लक्ष्मी गेट, झाशी — स्पष्ट आवाजात, न अडखळता. नानांनी मान हलवली. पोस्टापर्यंत मी त्यांना हाताला धरून नेलं.

घाईत झालं असं म्हणायची सोय नाही. मी विचार करून केलं. पुढे दोन महिने पोस्टमन दिसला की मी त्याच्या पिशवीकडे बघत उभी राहायचे. काही आलं नाही तेव्हा मला हायसं वाटलं. एका माणसाच्या बायकोचा आवाज जगातून नाहीसा झाला आणि मला हायसं वाटलं.

नाना त्यानंतर बरीच वर्षं जगले. उत्तर का आलं नाही हे त्यांनी मला एकदाच विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं — इतके आवाज, कुणाकुणाला लिहितील? लोकांना ते सांगायचे, आमची माई परदेशात असते. तिच्या तिथीला दुपारी धुतलेला कुडता घालून आरामखुर्चीत बसायचे. आत्ता तिकडे कुणीतरी ऐकत असेल, म्हणायचे. मला बोलवायचे. मी जायचे, श्रीखंड खायचे, परत यायचे. त्या दिवशी माझ्या खोल्या मला फार मोठ्या वाटत.

तुम्ही म्हणाल, सुखात तरी होते. ते मी हजारदा म्हणून पाहिलंय. आत कुठं बसत नाही ते.

फळा पुढे आपोआप बंद पडला. इन्स्टिट्यूटमध्ये टीव्ही आला, लोक तिकडे तोंड करून बसू लागले. ज्याच्यासाठी एवढं केलं ते असं गेलं आणि कुणी विचारलंही नाही. नाना गेले ते झोपेत. तेराव्याला मी गेले होते.

त्यानंतर आठ दिवसांनी सुनंदा माझ्याकडे आली. बरोबर तिची मुलगी, कॉलेजात जाणारी. मुलीला मराठी कळतं, बोलता येत नाही. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. सुनंदानं घर आवरलं होतं, कॅसेट सापडली नव्हती, आणि नानांनी सगळ्यांना सांगितलेलं तिलाही ठाऊक होतं. म्हणाली, “दीदी, नाना होते तोवर मी लक्षच दिलं नाही. आता आईचा आवाज आठवत नाही हो मला. हिनं तर ऐकलाच नाहीये. मी त्यांना लिहिते, एक कॉपी मागते. ॲड्रेस आहे का तुमच्याकडे?”

माझे केस तोवर पांढरे झाले होते. समोर गर्दी नव्हती, सेक्रेटरी नव्हते. फळा नव्हता. गमवायला काहीच उरलं नव्हतं. दोघी मायलेकी माझ्याकडे बघत होत्या, आणि खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

मी उठले. टेबलाच्या खणातून कागद काढला आणि तोच पत्ता लिहून दिला — रस्त्याचं नाव, घराचा आकडा, गावाचा आकडा. सुनंदानं तो घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि जाताना मला वाकून नमस्कार केला.