मिस्त्रीचा लाल ठिपका

चौसाळ्याचा आमचा गाडीचा मिस्त्री ब्रेकचं काम करताना मोबाइलवर फ्रान्समधल्या जुन्या मोटार-रॅली लावून ठेवायचा. भाषा कळायची नाही, पण इतिहास पाठ. मला सांगायचा, "पयले लई पैसेवाल्यांचा खेळ होता, मास्तर. मग कपाच्या शर्यती निघाल्या. सगळ्यांना एकसारखी, सस्ती गाडी. जिंकायचं तर हातानं जिंका! इंजिनला सील. सील फोडलं की पयला आलेला बी बाद." स्वतःचं काम झालं की तोही प्रत्येक नटावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. नट कुणी फिरवलाच, तर ठिपका तडकणार.

त्यानं केलेले ब्रेक करकरतात म्हणून मी घरीच एक नट सैल केला. पाली गावाजवळ ब्रेक लागला नाही. गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली, बायकोचा पाय मोडला. मिस्त्रीनं काम कच्चं केलं, असं मी चौसाळ्यात गावभर सांगितलं.

तो घरी आला. गाडीखाली शिरला, बाहेर येऊन कितीतरी वेळ हात पुसत राहिला. प्लास्टरमधली बायको कडाडली, "मोबाइल बघत काम करता, दुसरं काय होणार!" त्यानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. "माफ करा भाभी," म्हणाला आणि गेला.

आता ब्रेकचं काम त्याला कुणी देत नाही. पंक्चर काढतो.

चार वर्षांनी, आज सकाळी, बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगता? चौसाळ्यात जाऊन सांगा. चार माणसांत."

मी गेलो नाही. हे लिहायला बसलो.