काळ्या बिअरचा फेस

भोरच्या स्टँडमागच्या हॉटेलात तो रोज भेटायचा. पुण्याच्या कॅम्पात गोऱ्यांच्या मेसमध्ये त्यानं वाढप्याचं काम केलेलं. दारूबंदी आली, तरी तिथं मिळणाऱ्या आयर्लंडच्या काळ्या बिअरबद्दल माणसं त्यालाच विचारायची.

तो बोलायचा कमीच. बिअर कशी ओतायची ते दाखवायला पेला तिरका धरून त्यात ताक अर्धं ओतायचा, थांबायचा, फेस बसला की उरलेलं ओतायचा. "घाई केली की सायेब पेला परत धाडायचा," एवढंच म्हणायचा. विंझर गावचे धनगरबाबासुद्धा श्वास रोखून बघायचे.

माझा नुसता जळफळाट व्हायचा. फौजेत ड्रायव्हर असताना मी ती खरोखर प्यायलो होतो. एकदा राहवलंच नाही. "कारल्यावानी कडू असती. म्या सोता पिली हाय. ह्यानं चाखली तरी का?"

तो हसला. "कवाच न्हाई. निस्ती ओतली. ह्यास्नीच इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. "सांगा की, कशी लागती?"

मी एका दमात ढोसलेली. कडूपणापलीकडं काही आठवेना.

धनगरबाबांनी आपला पेला ताक ओतून घ्यायला त्याच्यापुढं सरकवला. त्यांच्या मागोमाग, मान खाली घालून, मीही.