बँकेच्या कॅमेऱ्यातली कोकिळाबाई

तर कोकिळाबाई रिकामी टोपली घेऊन बँकेच्या पायरीवर बसली, इथवर काल आलो होतो. तेवढ्यात चहा आला आणि गोष्ट राहून गेली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो.

कोकिळाबाई आमच्या पवनारची. धाम नदीकाठी तिची भाजीची वाडी. वांगी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, घेऊन रोज वर्ध्याच्या बाजारात. दटावायला ती कुणालाही दटावते, मलासुद्धा. गप्प बसते ती फक्त जवायापुढे. एका सकाळी बाजारातच फोन आला, "सासूबाई, मी दुर्गेश. गाडीवरून पडलो. दवाखान्यात पैसे भरायचे आहेत, या नंबरवर टाका." बाईनं डोक्यावर पदर घेतला, फोनवर बरं का! जवायाला उलटं काय विचारायचं, म्हणून विहिरीच्या नव्या मोटरीसाठी ठेवलेले सगळे पैसे पाठवून मोकळी. मग पोरीला फोन लावला, तर दुर्गेश घरी बसून पोहे खातोय!

बाई तशीच बँकेत. खिडकीवरच्या बाबूनं पाहिलं आणि म्हणाला, "पैसे आपल्याच बँकेच्या दुसऱ्या खात्यात आहेत अजून. पण ते खातं थांबवायला साहेबच लागतात, आणि साहेब मीटिंगला गेले. उद्या या." ती कसली जाते! बसली पायरीवर. दुपारी चोरानं पैसे काढून नेले.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "पिन तुम्हीच टाकला, बँक काय करणार?"

"पिन टाकला थे माही चूक. पण पैसे तुमच्या घरात होते तवा मी तुमच्या दारात होतो. तुमचा कॅमेरा पाहा नं जी!"

मोटर नाही तर उन्हाळ्यात वाडी वाळणार, म्हणून बाजार आटोपला की बाई बँकेत हजर. शिपाईसुद्धा तिला पाहून खुर्ची सरकवू लागला. शेवटी बँकांच्या लोकपालाकडे तक्रार केली. अर्ज मीच लिहिला. गावच्या शाळेनं आणखी काही नाही तरी अक्षर चांगलं दिलं. वरून विचारणा आली, कॅमेरा पाहिला गेला, बाई त्यात टोपलीसकट दिसली आणि पैसे खात्यात जमा झाले.

साहेबांनी घाम पुसला. "झालं ना समाधान? आता खातं दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल तर आजच करून देतो."

कोकिळाबाई म्हणाली, "खातं काऊन नेऊ जी? तिकडं गेलं का पुन्हा पहिल्यापासून भांडा लागते. इथं तं आता तुम्ही सारे मले ओयखता."