पासवर्ड टाकताना

आमच्या ऑफिसात कुणी पासवर्ड टाकू लागलं की शेजारचा माणूस आपोआप मान वळवतो. हे कुणी शिकवलेलं नाही.

काल साहेब घाईघाईने शेजारच्या वैशालीच्या टेबलापाशी आले. "तुझा पासवर्ड सांग. या बिलाला तुझी मंजुरी मीच देऊन टाकतो, तू जा जेवायला."

वैशाली उठली नाही. "सर, मंजुरी माझ्या नावाने जाणार. आधी वाचते, मग मीच टाकते पासवर्ड."

साहेब उभेच. तिने सगळं सावकाश वाचलं, कीबोर्डवर बोटं ठेवली आणि नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. साहेब निमूटपणे खिडकीबाहेर बघू लागले.

कंप्युटरला अक्षरं जुळली की पुरे. ती कुणाच्या बोटांतून आली, हे त्याला कळत नाही. तेवढं आपणच सांभाळायचं.

उद्या साहेब माझ्या टेबलापाशी आले, तर मीही त्यांना खिडकीच दाखवणार आहे.