गोदाक्काची खिडकी

टेबलाखाली चिंध्या कशा साठतात ते शिंप्यालाही कळत नाही. सकाळी झाडून काढाव्या, संध्याकाळी पुन्हा ढीग! आमच्या मालिकेचे किस्से तसेच साठलेत. माझं शिक्षण कमी, बोलणं हळू. पण बसलाच आहात, तर ऐका.

इथे आखातात, बुसैतीनमध्ये माझं शिलाईचं दुकान आहे. सगळे मला मास्तर म्हणतात. इथल्या मराठी मंडळींनी हौसेनं एक विनोदी मालिका काढली. इंटरनेटवरचं एक छोटं मराठी चॅनल ती दाखवतं, लोक घरच्या टीव्हीवर लावून बघतात. युद्धाच्या दिवसांतली चाळ, रोज ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद. त्या चाळीत गोदाक्का नावाची विधवा. ती मुद्दाम कागदाची एक कड उचललेली ठेवते. उजेड दिसला की पहाऱ्यावरचा वॉर्डन शिट्टी फुंकत जिना चढतो आणि म्हणतो, "बाई, फटीतून उजेड दिसतोय."

गोदाक्का पदर सावरत विचारते, "उजेड दिसला म्हणून आलात, की मी दिसले म्हणून?"

प्रत्येक भागात हेच. आणि लोक प्रत्येक वेळी हसतात!

*

गोदाक्का व्हायला आधी कोणी मिळेना. लाडिक बोलायला सगळ्या तयार, पण मंगळसूत्र काढायला एकही नाही! "नवरा जिवंत असताना विधवा होऊ?" कुलकर्णीवहिनी जरा विचार करायला लागल्या, तर कुलकर्णी स्वतःच उठून उभे राहिले. "नको हं! मला आधीच बीपी आहे!"

तेव्हा मागच्या खुर्चीवरून फिलूबाई बोलल्या. फिलूबाई वसईच्या, इथे हॉस्पिटलात नर्स.

"माझा गेलेलाच आहे. आता मला कसली भीती? मी करते."

*

आमचे दिग्दर्शक सबनीस. सित्र्याला तेलाच्या कारखान्यात इंजिनियर आहेत, पण शुक्रवारच्या सुट्टीत दिग्दर्शक. वॉर्डन होणाऱ्या गृहस्थांची नेमकी पहिल्याच शुक्रवारी शिफ्ट लागली. मी वॉर्डनचा कोट हातात घेऊन उभा होतो. सबनीस म्हणाले, "मास्तर, तुम्हीच घाला."

"मला बोलता येत नाही."

"एकच तर वाक्य आहे!"

माझी बायको होती तेव्हा ती बोलायची, म्हणून मी बोलत नसे. ती गेली, मग बोलणार कोणाशी? कॅमेरा सुरू झाला. मी फिलूबाईंसमोर उभा राहिलो, आणि उभाच राहिलो. शेवटी कॅमेऱ्यामागून सबनीस ओरडले, "यल्ला, मास्तर, बोला!"

यल्ला म्हणजे इथल्या भाषेत 'चला, आटपा'. मग मी बोललो. सबनिसांनी ते ओरडणं कापलंच नाही. लोकांना तेच जास्त आवडलं. पुढे प्रत्येक भागात मी गप्प उभं राहायचं आणि सबनिसांनी ओरडायचं, असं ठरूनच गेलं.

*

शूटिंग सबनिसांच्या घरी. सगळ्या खिडक्यांना काळे कागद. एका शुक्रवारी शेजारचे अबू युसुफ दारात उभे. एका हातात खजुरांचं ताट, दुसऱ्या हातात गावा. गावा म्हणजे त्यांची वेलचीची कॉफी. काळ्या खिडक्या बघून चेहरा पडलेला.

"कोण गेलं?" त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं.

सबनीस गोंधळले. समोर पांढऱ्या साडीत फिलूबाई. सबनिसांनी तिकडे बोट दाखवलं. "इनका आदमी!"

"अल्ला! कधी?"

"नऊ वर्षं झाली," फिलूबाई म्हणाल्या.

आम्ही हसू दाबत होतो. पण अबू युसुफ हसले नाहीत, परतलेही नाहीत. बसले, हात वर करून दुवा मागितली, ताट फिलूबाईंपुढे सरकवलं. फिलूबाईंनी एक खजूर उचलला आणि त्यांना रडू आलं.

"नवरा तिकडे गावी वारला, मी इथे ड्यूटीवर," त्या मला म्हणाल्या. "रजा मिळाली नाही. तेव्हा माझ्याकडे कोणी आलं नव्हतं, मास्तर."

मग डोळे पुसून सबनिसांना म्हणाल्या, "चला, मेकअप नीट करा. वॉर्डनला भुलवायचंय!"

*

फिलूबाईंचा मुलगा नेल्सन कॅनडात. त्याला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत. एकदा शूटिंगमध्येच त्याचा फोन आला. फोन स्पीकरवर!

"मम्मी, व्हॉट इज धिस? एव्हरीबडी इज वॉचिंग!"

"मग चांगलंच की रे!"

"प्लीज स्टॉप. युवर व्हिसा इज एंडिंग, यू आर कमिंग टू कॅनडा. आय विल कम अँड टेक यू."

फिलूबाईंची नोकरी संपत आली होती, ते आम्हाला तेव्हा कळलं. त्यांनी फोन ठेवला. "खलास. मी नाही करत आता."

सबनीस घाबरून म्हणाले, "गोदाक्कावर बॉम्ब टाकू या का?"

मी पिशवीतून ब्लाउज काढून पुढे केला. "फिलूबाई, नवीन ब्लाउज शिवलाय. फिटिंग तरी करून जा."

त्या आत गेल्या. आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "मास्तर, दंडाला सैल झालाय. गोदाक्का इतका सैल घालेल का?"

आणि शूटिंग सुरू झालं!

*

शेवटच्या भागात युद्ध संपतं. गोदाक्का कागद काढते आणि म्हणते, "आता कशाला याल?" मी म्हणायचं, "ड्यूटी संपली, बाई," आणि जिना उतरायचा. मी उभा राहिलो. सबनीस दोनदा ओरडले. वाक्य काही बाहेर येईना. शेवटी त्यांनी मला नुसताच जिना उतरायला लावला.

त्याच आठवड्यात नेल्सन आईला न्यायला आला.

माझी खोली दुकानाच्या वर. समोरच्या इमारतीत फिलूबाईंचं स्वयंपाकघर. संध्याकाळची, मगरिबची अजान झाली आणि मी खिडकीशी आलो. समोरच्या काचेला काळा कागद लावलेला. एक कड उचललेली. आत दिवा.

मी वॉर्डनची टोपी घातली, शिट्टी खिशात टाकली आणि हळूहळू त्यांचे जिने चढलो.

दार नेल्सननं उघडलं. त्याच्या मागे दोन बॅगा भरून ठेवलेल्या. त्यानं माझ्या टोपीकडे बघितलं.

"येस, अंकल?"

आतून फिलूबाईंचा आवाज आला, "कोण आहे? उजेड दिसला म्हणून आलात, की मी दिसले म्हणून?"

मी उभा. तोंड उघडलं, पण शब्द नाही. नेल्सन माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे.

मग तो दारातून बाजूला झाला आणि म्हणाला, "यल्ला, मास्तर, बोला!"