गावच्या नाटकाचं तिरपं नाव
मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या माझ्या मराठीच्या मॅडमचा. झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की आजही ती दुपार आठवते. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांवरचा माझा एम.ए.चा प्रबंध त्याच दिवशी कॉलेजच्या ऑफिसात द्यायचा होता. उशीर झाला तर वर्ष वाया जाणार होतं. पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरांत आणि लेखाचं अवतरणचिन्हांत, हे मॅडमनी शिकवलं होतं. पण ‘बांधावरची सून’ हे आमच्या गावचं नाटक कधी छापलंच गेलं नव्हतं. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, त्याचा प्रयोग होई आणि बाबा त्यात सासऱ्याचं काम करत. झेरॉक्सच्या दुकानातला टायपिंगवाला म्हणाला, “भाऊ, तिरपं करू का सरळच ठेवू? तुमचं ऑफिस बंद होऊन जाईन.” मॅडमचा फोन लागता लागेना. लागला तेव्हा त्या म्हणाल्या, “छापलं नाही म्हणून काय झालं? अख्खं नाटक आहे ना ते? मग पुस्तकासारखंच तिरपं कर, आणि पळ.” प्रबंध वेळेत पोचला. निकालानंतर मी त्यांना पत्र पाठवलं: “मॅडम, बाबांना ते पान दाखवलं. ते म्हणाले, ‘आमच्या नाटकाचं नाव काहून वाकडं छापलं बे?’ पुस्तकाचं नाव असंच छापतात, असं मी सांगितलं. तेव्हा ते प्रबंध काखेत घेऊन नाटक मंडळाच्या लोकांना दाखवायला निघाले. अजून परतले नाहीत.”