बासी ईदचा डाव

जवळा बाजार गावात पाण्याची जळालेली मोटार नव्या तारेनं भरावी तर रिझवाननंच, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण यंदा ईद तोंडावर आली तरी या गड्याच्या टेबलावर होता व्हिडिओ गेमचा एक जुना दांडा, म्हणजे जॉयस्टिक, हिंगोलीच्या भंगारातून उचललेला. ग्यानबा मोटार न्यायला आला आणि भडकलाच.

"माझा भुईमूग वाळून राहिला अन् तू खेळणी दुरुस्त करून राहिला व्हय?"

"ग्यानबामामा, दोन दिवस दम धरा. अम्मीचं काम हाय."

ग्यानबा आल्या पावली परत फिरला. रिझवानची अम्मी म्हणजे मदीनाबी, अर्ध्या गावाच्या अंगावर तिच्याच हातचं शिवलेलं. तिचं नाव निघाल्यावर कोण अडून बसणार?

रिझवानच्या अब्बांनी फार वर्षांमागं हैदराबादहून एक कॉम्प्युटर आणला होता. नुसता कीबोर्ड, तो टीव्हीला जोडायचा अन् खेळ कॅसेटवरून चढवायचा. शिवणकाम आटोपलं की मदीनाबी त्यावर विमानं पाडायची. दर वर्षी बासी ईदेला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, शेजारचे कापडवाले पुनमचंद शेठ शीरखुर्मा खायला येत आणि एक डाव होई. हरेल त्यानं वर्षभर दुसऱ्याला 'उस्ताद' म्हणायचं. दर वर्षी ती पाळी बिचाऱ्या शेठवरच यायची.

आणि यंदा लकव्यानं मदीनाबीचा उजवा हात नेला. पाय शाबूत राहिले, पण बाई पलंगच सोडीना. "शेठला सांग, डाव मोडला," एवढंच बोलली आणि भिंतीकडं तोंड केलं. अम्मीनं डाव सोडला म्हणजे सगळंच सोडलं, हे रिझवानला पक्कं कळलं.

कीबोर्डाला दोन्ही हात लागतात, दांड्याला एक पुरतो. दांड्याचा प्लग कॉम्प्युटरला बराबर बसला, पण आतल्या तारांची जोडणी वेगळी. रिझवाननं मोटारीच्या सवयीनं काळी तार सगळ्या बटनांची सामाईक धरली. झालं! विमान नुसतं डावीकडं पळायचं. वर न्हाई, खाली न्हाई, गोळी तर न्हाईच. "काळी म्हणजे न्यूट्रल, हे तुला कोणी सांगितलं रे गाढवा?" त्यानं स्वतःलाच झापलं, सेल आणि टॉर्चचा बल्ब घेऊन एकेक तार तपासली, खरी सामाईक पिवळी निघाली, आणि विमान चारी दिशांना फिरलं.

पण गोळीचं बटन दांड्याच्या बुडाशी. डावा हात दांड्यावर, मग ते दाबणार कोण? त्याची नजर अम्मीच्या शिलाई मशीनवर गेली, चादर पांघरलेल्या. त्यानं मशीनचा पट्टा उतरवला, पायडलखाली दाराच्या बेलचं बटन ठोकलं आणि गोळीची तार तिथं नेली.

बासी ईदेला त्यानं अम्मीला जवळजवळ उचलूनच मशीनपुढं बसवलं. पुनमचंद शेठ मोठ्या मनानं म्हणाले, "भाभी, यंदा मीबी एकाच हातानं खेळतो."

मदीनाबीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काहून? लकवा मला झाला, तुमाला न्हाई. खेळा दोन्ही हातानं!"

शेठ खेळले, आणि झकास खेळले. मग मदीनाबीनं डाव्या हातात दांडा धरला. पहिलं विमान डोंगरावर आपटलं. दुसरंही आपटलं. तीनांतलं शेवटचं एक उरलं.

तेवढ्यात पाय पायडलवर रुळला. जन्मभर शिलाई मारलेला पाय तो, एकदा सुरू झाल्यावर थांबतो कशाला! खाली-वर, खाली-वर, गोळ्यांची धारच लागली. समोर येईल ते विमान पडायचं.

"अरे, भाभीचा पाय आवरा कोणी!" शेठ ओरडले. कोण आवरतो? गुणांचा आकडा शेठला मागं टाकून कुठल्या कुठं गेला.

शेठनं दोन्ही हात जोडले. "मान गये, उस्ताद!"

मदीनाबी हसली. लकव्यानंतर पहिल्यांदाच हसली, आणि रिझवानला हुंदकाच आला. रडला बेशक, त्यात लाज कसली?

खेळ संपला तरी तिचा पाय चालूच होता.

"रडून काय राहिला?" ती म्हणाली. "पट्टा चढव मशीनला. शेठच्या सदऱ्याचं कापड कवाचं पडून हाय."